‘त्याला झोप माहीत नव्हती’ असं म्हणू नका

बसा मंडळी. जरा बसा. गाड्या काढायची घाई करू नका.

महाराजांचं प्रवचन झालं, पिंडाला कावळा शिवला, पाहुण्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. आता कार्यक्रम संपला असं जाहीर झालं आणि मी माईक मागितला. दशक्रियेत बाईमाणसानं माईक घ्यायची आपल्याकडं रीत नाही, हे मला माहीत आहे. माईक देताना त्या भाऊंचा हात जरा आखडला, तेही मी बघितलं. पण दिला, त्यांचे उपकार आहेत.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगते. मी शालन. काटेवाडीला दिलेली. आज ज्याचा फोटो इथं हार घालून ठेवलाय, त्या भारतची मी थोरली बहीण. आमचा गोठा आहे, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालते, एवढीच माझी ओळख. माईकवर शुद्ध बोलावं म्हणतात. जमेल तेवढं बोलते. कुठं जीभ घसरली तर सांभाळून घ्या.

बोलणं अवघड आहे. धाकट्या भावाच्या दहाव्याला थोरल्या बहिणीनं काय बोलायचं? रडायचं तेवढं रडून झालंय माझं. आता उरलाय तो राग.

मघापासून मी त्या कडेला बायकांत बसून एकेकाचं भाषण ऐकत होते. बारामतीहून आलेले पाहुणे म्हणाले, “भारत म्हणजे कामाचा राक्षस. चार-चार दिवस डोळ्याला डोळा लागायचा नाही, तरी चेहऱ्यावर थकवा दिसायचा नाही. त्याला झोप माहीत नव्हती.” दुसरे म्हणाले, “दिलदार माणूस. कुणी मागायच्या आधी देऊन मोकळा.” तिसरे म्हणाले, “बोलायला लागला की समोरच्याला तोंड उघडू द्यायचा नाही. एका दमात दहा योजना सांगायचा.” आणि शेवटी आमचे तात्या बोलले. तात्या म्हणजे आमच्या वडलांचे धाकटे भाऊ, आमच्या भावकीतले आता सगळ्यात मोठे. तात्या म्हणाले, “आमचा भारत वाघ हुता. कुणाला भ्याला न्हाय. करंटालासुदिक भ्याला न्हाय.”

तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मंडळी, तुम्ही माझ्या भावाचे गुण सांगितलेच नाहीत. तुम्ही त्याच्या आजाराच्या खुणा सांगितल्या. एकेक करून, हार घालून, हात जोडून सांगितल्या. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून हेच विचारलं होतं. झोप किती? न झोपता थकतो का? बोलणं वाढलंय का? उधळेपणा आलाय का? आपल्याला कुणी काही करू शकत नाही, असं वाटतं का? मी त्या खोलीत होते. त्याची बायको संगीता होती. त्या बाईंना जे विचारून घ्यावं लागलं, ते तुम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं. आज कळलं मला. तुम्ही सगळं बघितलं होतं आणि त्याला शाबासकी दिली होती.

भारत खरा कसा होता, ते मी सांगते. निमगाव केतकीच्या रस्त्याला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली पाण्याची मोटर त्याच्याकडं आणायची, त्यानं जुनी कॉइल काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं. घाईचं काम नाही ते. आणि भारत घाईचा माणूसच नव्हता. बोलायला कमी. दिवेलागणीला शटर ओढणारा, जेवून लवकर झोपणारा. लहानपणापासून झोपाळू म्हणून आई त्याला चिडवायची. आणि विजेच्या बाबतीत तर इतका भित्रा की आम्ही हसायचो. टेस्टर लावल्याशिवाय तारेला बोट लावायचा नाही. “आक्का, इजंसंगं भावकी करायची न्हाय,” म्हणायचा. “ती कुणाला वळखत न्हाय.” हा माझा भाऊ. हा तुमच्या एकाही भाषणात नव्हता.

पहिल्यांदा तो आडवा पडला तो एका पावसाळ्यात. दुकान बंद. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. अंघोळ नाही, दाढी नाही, भाकरीचा अर्धा तुकडा कसाबसा गिळायचा. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. मी भेटायला गेले तर म्हणाला, “आक्का, माझ्या हाताला काय कळंनासं झालंय. तार कुठनं सुरू करायची त्येच ध्यानात येत न्हाय. माझा आता उपेग न्हाय कुणाला.” हातात कसब असलेला माणूस असं म्हणतो, तेव्हा आपण काय म्हणालो? कुणी म्हणालं, माज आलाय. कुणी म्हणालं, आळस चढलाय. कुणी म्हणालं, बायकोनं काहीतरी खायला घातलंय. लिंबू उतरवून झालं, अंगारा लावून झाला. घरच्या बाईवर आळ घ्यायला मात्र कुणाला मुहूर्त बघावा लागला नाही.

मग ते आपोआप सरलं आणि उन्हाळ्यात सगळं उलटं झालं. भारत उठला तो असा उठला की बसेचना. पहाट नाही, दुपार नाही, दुकान उघडंच. उन्हाळ्यात मोटरी जळतात, पाण्याची पाळी चुकली तर उभं पीक वाळतं, सगळ्यांनाच घाई. आणि हा म्हणायचा, “आण, आत्ता भरून देतो. पैशाचं कशाला बोलतो? आपण काय परकं हाय?” मोठ्यानं बोलणार, मोठ्यानं हसणार, येईल त्याला चहा, येईल त्याला जेवण. पाणबुडी मोटरचा कारखाना काढतो म्हणाला. निवडणुकीला उभा राहतो म्हणाला. तालुक्यातल्या सगळ्या मोटरी एका बटणावर चालवतो म्हणाला. आणि कुणी मधे बोललं की हातातला पाना फेकायचा. गावानं त्याला भारतशेठ केला. यात्रेत स्टेजवर बोलावून फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला.

त्या दिवशी टाळ्या वाजत होत्या आणि संगीता माझ्याशेजारी उभी होती. ती माझ्या कानात म्हणाली, “आक्का, ह्ये हसनं त्यांचं न्हाय.”

ऐकलंत? तिला पुस्तक वाचावं लागलं नाही. नवऱ्याचं हसणं तिला ओळखता येत होतं आणि हे हसणं त्याचं नव्हतं. बस, एवढंच तिला कळलं आणि एवढंच पुरेसं होतं.

आम्ही दोघींनी त्याला बारामतीला नेलं. गावात काय सांगितलं? शुगर तपासायला चाललोय. का सांगावं लागलं खोटं? शुगर असली तर गाव भेटायला येतं, पथ्यपाणी विचारतं. मनाचा आजार म्हटलं की पोरांच्या सोयरिकीपर्यंत बोलणं जातं. डॉक्टरीणबाईंनी तास-दीड तास बसवून विचारलं. मग नीट समजावून सांगितलं. म्हणाल्या, “याला बायपोलर म्हणतात. माणसाचं मन कधी फार खाली जातं, कधी फार वर चढतं. खाली गेलं की लोकांना आळस वाटतो, वर चढलं की कर्तबगारी वाटते. हा स्वभाव नाही, आजार आहे. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी घ्यायची. मनानं बंद करायची नाही.”

आणि त्या गोळ्यांनी माझा भाऊ मला परत मिळाला. खोटं सांगत नाही. दिवेलागणीला शटर ओढायला लागला. लेकीचा अभ्यास घ्यायला लागला. टेस्टर परत खिशात आला. कुणी मोटर घेऊन आलं की म्हणायचा, “परवा या. वार्निश वाळल्याबिगर देत न्हाय.” कामाचे पैसे व्यवस्थित मागायचा. राखीपौर्णिमेला आला तेव्हा आमच्या ओसरीवर दुपारचा गाढ झोपला. मी पंखा लावला आणि लांबून बघत बसले. झोपलेला भाऊ बघून इतकं बरं वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण तुम्हाला बरं वाटलं नाही. काय काय बोललात, ते सगळं माझ्या कानावर आलंय. “भारत आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाय.” “गोळ्या खाऊन मऊ पडला.” “बायकोनं दावणीला बांधला.” पहिल्यासारखा? अहो, पहिल्यासारखा तर तो आत्ता झाला होता. तुम्हाला फुकट मोटर भरून देणारा भारत पाहिजे होता. रात्रंदिवस दुकान उघडं ठेवणारा पाहिजे होता. जेवण घालणारा पाहिजे होता. तुम्हाला आजारी माणूस आवडला मंडळी. बरा झालेला आवडला नाही.

मी गोठ्यातली बाई, मला एक सांगा. गाईनं सकाळी रवंथ केला नाही तर आपण काय करतो? कान हातात धरून बघतो, गार लागला की डॉक्टरला फोन. दूध काढायच्या आधी फोन. तिथं कुणी म्हणत नाही की गाईचा स्वभाव बदलला. आणि माणूस चार-चार दिवस झोपत नाही तर त्याला फेटा बांधायचा?

आता तात्या, मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही मोठे आहात. माझं कन्यादान केलंय तुम्ही. म्हणून चारचौघांत बोलते, माघारी बोलत नाही.

या सुगीच्या आधी तुम्ही दुकानात बसला होतात. दहा-बारा माणसं होती. भारतनं दुपारची गोळी घ्यायला पाकीट काढलं. तुम्ही म्हणालात, “आरं, वाघ हायस तू. वाघाला गोळ्या कशापायी? बायकांची औषधं ती.” सगळे हसले. आणि भारतनं ते पाकीट वार्निशच्या डब्यात टाकलं. तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे इथं बसलेत, मला दिसतायत ते. तात्या, तुम्ही वाईट मनानं बोलला नाहीत, हे मी जाणते. तुमचा जीव होता त्याच्यावर. पण पुतण्याला ताप असता तर तुम्ही त्याच्या हातातलं औषध असं टाकू दिलं असतं का?

थोड्याच दिवसांत झोप उडाली. संगीताला पहिल्याच रात्री कळलं. ती दारोदार गेली. हो, तुमच्याच दारात आली होती ती, पदर सावरत. तात्या, तुम्ही तिला काय म्हणालात? “नवरा कमावतोय, दारू पीत न्हाय, हात उचलत न्हाय. मग तुझं दुखतंय काय?” वायरमनला जाऊन ती म्हणाली, “भाऊ, त्यांना डीपीच्या जवळ येऊ देऊ नका, ते त्यांच्यात न्हाईत.” मला फोन केला. मी गाडी करून आले. भारत गाडीत बसेना. बळ लावणं आम्हा दोघींच्या आवाक्यात नव्हतं. शेजाऱ्यांना म्हटलं, जरा हात लावा, समजूत काढा. शेजारी म्हणाले, “चांगल्या शाण्या माणसाला येड्याच्या डॉक्टरकडं नेताय व्हय?” गाडी रिकामी परत गेली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पुढचं तुमच्या मोबाईलमधे आहे. मळ्यातल्या डीपीचा, त्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडाला. वायरमन लाईन बंद करून घ्यायला फोन लावत होता, थांबा म्हणत होता. भारत थांबला नाही. वर चढताना तो ओरडून म्हणाला, “करंट मला वळखतो.” हे वाक्य मी त्या व्हिडिओत ऐकलंय. आणि त्याच व्हिडिओत खालून आलेले आवाजही ऐकलेत. “वाघ हाय, वाघ.” “ए, नीट धर मोबाईल.” जो माणूस टेस्टरशिवाय बोट लावत नव्हता, तो उघड्या हातानं वर चढतोय. इतक्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा भारत नाही? वायरमन एकटा ओरडत होता. तारेला त्याचा हात लागेपर्यंत बाकीच्यांना गंमत वाटत होती.

तो व्हिडिओ ज्यांच्या ज्यांच्या फोनमधे आहे, त्यांनी तो आज काढून टाका. विनंती करत नाही, सांगतेय.

आणि आता गावात काय चाललंय? परवा घरात भावकी बसली. तिथं ठरलं म्हणे, गोळ्यांनी भारतला चक्कर आली आणि गोळ्या देणारी कोण, तर संगीता. म्हणून तेराव्यानंतर तिला माहेरी पाठवायचं. पोरगी इथं, दुकान इथं, घर इथं, आणि ती तिकडं. कशासाठी? तर तिनं नवरा घालवला.

मंडळी, वार्निशच्या डब्यात टाकलेल्या गोळ्यांनी कुणाला चक्कर येत नसते. गोळ्या घेत होता तोवर भारत जिवंत होता. गोळ्या सुटल्या, मग भारत गेला. याहून सोपं मला सांगता येत नाही.

मी डॉक्टर नाही. पण शिकले ते सांगते, कारण उद्या तुमच्या घरात ही वेळ येईल आणि तुम्ही पुन्हा स्वभावावर ढकलाल. माणूस त्याच्या स्वतःच्या चालीपेक्षा एकदम वेगळा वागायला लागला, तर थांबून बघा. बोलका माणूस मुका झाला, अबोल माणूस गप्प बसेना झाला, दोन्हींत बघा. पोरगी बारामतीच्या कॉलेजातून घरी आली आणि कुणाच्या नजरेला नजर देत नाही, तर तिला शिष्ट म्हणू नका. बाळंतीण आपल्या बाळाकडं बघत नाही, तर तिला निर्दयी म्हणू नका. कुणाला कुणीच बोलत नसताना आवाज ऐकू येतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं, तर त्याच्यावर हसू नका. आणि कुणी म्हणालं, माझा आता उपयोग नाही, तर त्याला एकटं सोडून घरी जाऊ नका. जवळ बसा. विचारा. मोकळं विचारा, जिवाचं काही बरंवाईट डोक्यात येतं का? विचारल्यानं काही होत नाही. न विचारल्यानं होतं. मग त्याला डॉक्टरकडं न्या, आणि शुगर तपासायला चाललोय असं सांगू नका. आहे ते सांगा.

आणि घरातली बाई जेव्हा म्हणते, हे हसणं याचं नाही, तेव्हा तिला विचारू नका की तुझं दुखतंय काय.

संपवते. भाषण करून भाऊ परत येत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे. ज्याला कुणाला वाटतं की संगीतानं भारतला घालवला, त्यानं आत्ता उठावं आणि तिच्या तोंडावर म्हणावं. माघारी नको. पारावर नको. इथं, भारतच्या फोटोसमोर. मी थांबते.

कुणी नाही?

बरं. मग हे इथं मिटलं, असं मी सगळ्यांसमोर धरते.

भारता, तुला थोरल्या बहिणीचा नमस्कार. तू वाघ नव्हतास. तू माझा झोपाळू, सावध, गुणी भाऊ होतास आणि तेवढा मला पुरेसा होतास.

संगीता, पुढं ये. तिथं कडेला बसू नकोस. डोक्यावरचा पदर राहू दे, मान तेवढी वर कर. तुलाही माझा नमस्कार. इतक्या मोठ्या गावात तू एकटीनं त्याला ओळखलंस.

आता आपण सगळे उभं राहून दोन मिनिटं शांत राहू. ती झाली की मी माईक तात्यांकडं देणार आहे. संगीता कुठं राहणार, ते तात्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं. या घरात राहणार म्हणून सांगायचं. गाव तुमचं ऐकतं तात्या. गोळ्या टाकायच्या वेळीही ऐकलं होतं.

उठा तात्या. तुमी उठल्याबिगर कुणी उठायचं न्हाय.